धुणारं वेगळं, निववणारं वेगळं

नमस्कार श्रोतेहो. आंबा-काजूचा हंगाम आहे, तेव्हा कुणाच्या ओठाशी आंब्याच्या चिकाचा चट्टा उठलेला असणारच. काजूच्या टरफलातलं तेल तर कातडी भाजून काढतं. मग मिळेल ती क्रीम वर थापली जाते. पण चीक तसाच खाली राहिला, तर क्रीम करणार काय? आधी धुवायचं, मग निववायचं. ही कामं वेगळी आणि ती करणारे पदार्थही वेगळे.

साबण तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून होतो. त्याचा पीएच, म्हणजे आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा, ९-१०, आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास. साबणाने तोंड धुतल्यावर जे ओढल्यासारखं वाटतं, त्याला आपण स्वच्छता म्हणतो. खरं तर त्वचेचं स्वतःचं तेलही गेलेलं असतं. त्यात खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ. फेस येत नाही म्हणून आपण आणखी घासतो.

फेसवॉशला अशा पाण्यातही फेस येतो, कारण त्यात बहुधा साबण नसतो. बाटली उलटी करून बघा. ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ दिसेल किंवा ‘कोकामिडोप्रोपिल बीटेन’. नारळाच्या तेलापासून दोन्ही बनतात, पण पहिला इतका कडक, की त्वचा किती चिडते हे तपासायचं असतं तेव्हा डॉक्टर मुद्दाम तोच लावून बघतात. दुसरा बराच सौम्य. तेव्हा ‘नारळापासून बनवलेलं’ एवढं वाचून आपण कोकणातल्यांनी तरी हुरळून जाऊ नये!

आता निववणारे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. पॅन्थेनॉल, अॅलँटॉइन आणि कोरफड चिडलेल्या त्वचेला आराम देतात. कॅलामाइन म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइड, त्याला गुलाबी रंग येतो लोहाच्या ऑक्साइडमुळे. खाज त्याने बरीच कमी होते. पण हे सगळे अंगावर टिकले तरच उपयोगी. फेसवॉशमधली कोरफड मिनिटभरात मोरीत जाते, तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. धुणारं साधं आणि सौम्य घ्या, पैसे घालायचेच तर लावून ठेवायच्या क्रीममध्ये घाला. तिथेही यादी वाचा: घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, फक्त एक टक्क्यापर्यंतचे शेवटी कसेही येतात. समोर कोरफडीचं मोठं चित्र आणि यादीत ती सुगंधाच्याही खाली, तर प्रमाण नावापुरतंच असणार.

आपल्या दमट हवेत चेहऱ्याला जाड क्रीम फारशी लागत नाही. टाचांच्या भेगांना मात्र कोकमतेलच. आजीचं बरोबर होतं. पण लिंबू चोळून उन्हात जाणं सोडा, त्याने काळे डाग पडतात.

आणि चिकामुळे डोळ्यांभोवती सूज आली किंवा पाण्याचे फोड आले, तर घरातली कुठलीच बाटली न उघडता डॉक्टर गाठा. नमस्कार.