दोन निवडणुकांच्या मधला नागरिक

नमस्कार श्रोतेहो,

मत देऊन घरी आलो की आपलं काम झालं, आता पुढच्या निवडणुकीपर्यंत निवडून आलेल्यांनी बघावं, असं पुष्कळांना वाटतं. मला विचाराल तर नागरिकाचं काम तिथून सुरू होतं.

10 डिसेंबर 1948 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. आपल्या देशाच्या कारभारात भाग घेण्याचा हक्क त्याच्या 21व्या कलमात आहे. त्याचा उल्लेख भाषणांत होतो. 29वं कलम मात्र मागेच राहतं. समाजाप्रती प्रत्येकाची कर्तव्यं आहेत, असं ते बजावतं.

कर्तव्य म्हटलं की कर भरा, नियम पाळा, एवढंच आठवतं. ते तर हवंच. पण आज मला एका रुक्ष वाटणाऱ्या कर्तव्याबद्दल बोलायचंय: आपल्या नगरपालिकेचं अंदाजपत्रक वाचणं. त्यात तरतूद किती आणि प्रत्यक्ष खर्च किती, हे शेजारी शेजारी लावून बघा. शाळादुरुस्तीसाठी दरवर्षी पैसे ठेवले जातात आणि खर्चाच्या रकान्यात शून्य दिसतं, असं आढळलं की नेमकं काय विचारायचं ते कळतं. ‘कारभार वाईट आहे’ या तक्रारीला बगल देता येते. ‘या कामाचे पैसे कुठे वळवले?’ हा प्रश्न टाळणं अवघड असतं. मात्र तो लेखी विचारा, अर्जावर तारीख घाला आणि पोच घ्या.

सरकारी कागद बघायला मागण्याचा हक्क स्वीडनने 1766 मध्येच कायद्यात आणला. म्हणजे ही मागणी आजकालची नाही.

ब्राझीलमधलं पोर्तो अलेग्रे शहर आणखी पुढे गेलं. 1989 पासून तिथे वस्त्यावस्त्यांच्या सभांमधून लोक शहराच्या विकासखर्चाचा प्राधान्यक्रम ठरवू लागले. मला त्यातली एक रीत फार मोलाची वाटते. अंतिम यादी करण्याआधी लोकांचे प्रतिनिधी एकमेकांच्या वस्त्यांत फिरून यायचे. स्वतःच्या रस्त्यासाठी भांडायला आलेला माणूस दुसरीकडचं उघडं गटार डोळ्यांनी बघायचा आणि मग मत द्यायचा. आपल्या दारापुरतं मागणं सोपं असतं. दुसऱ्याची गरज आधीची आहे हे भर सभेत मान्य करायला मोठं मन लागतं.

तुमच्या भागात अंदाजपत्रकावर चर्चा होणार असेल तर जरूर जा, आणि जाण्याआधी शेजारच्या वस्तीतून एक फेरी मारून या.

नमस्कार.