वाळला नाही, झोपलाय

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडली की कुणीतरी हमखास विचारतं, "चाफ्याची सगळी पानं गळली हो, वाळला की काय?" मी सांगते, फांदी नखानं जराशी खरवडून बघा. आत हिरवं दिसलं, चीक आला, की झाड जिवंत आहे. देवळापुढचा हा चाफा आपल्याला अगदी इथलाच वाटतो. पण तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. कोरड्या दिवसांत पानं टाकायची आणि पाणी वाचवायचं, ही त्याची तिकडची सवय. इथे आला तरी सुटलेली नाही. घोटाळा करते ती आपली माया. उघडं झाड बघवत नाही, म्हणून आपण रोज तांब्या-तांब्या पाणी घालतो. पानं नसलेलं झाड पाणी फारसं ओढत नाही. ते कुंडीत साचतं आणि मुळं कुजतात. मग खरोखरच जातो बिचारा.

सोनचाफ्याचं निराळं. नावात चाफा असला तरी कूळ वेगळं, आणि हिरवा बारा महिने. अनंत, तगर, जास्वंद याच पंगतीतले. रस्त्याकडून आडोसा हवा असेल तर यांतलंच काहीतरी लावा. पण भर मे महिन्यात यांचं पाणी चुकवून चालत नाही. तुमच्याकडे उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येत असेल, तर अनंताचं रोप घेण्याआधी थोडं थांबा. दक्षिणेच्या खिडकीपुढे मात्र मी पानगळीचा चाफाच लावीन. पौष-माघातलं कललेलं ऊन बोडक्या फांद्यांतून थेट घरात येतं.

आणि भुईचाफा! हा तर थंडीत दिसतच नाही, नुसता कंद मातीखाली. उन्हाळ्यात पानांच्या आधी, थेट जमिनीतूनच पांढरं-जांभळं सुगंधी फूल वर येतं. एका जानेवारीत जागा मोकळी समजून मी तिथे अबोलीसाठी कुदळ मारली आणि कंदाचे तुकडे केले. उरलेले तुकडे तिथेच पुरले, भोवती विटांचं कडं केलं. अबोली आता कड्याबाहेर आहे, वर्षभर हिरवी. कड्यात यंदा एप्रिलमध्ये दोन फुलं आली. पानं त्यानंतर.

नमस्कार.