ब्रेक ऑइलमध्ये पाणी किती मुरलंय?

नमस्कार मंडळी. गणपतीला गावी निघायच्या आधी आपण टायरची हवा बघतो, वायपर बदलतो, एसीचा गॅस भरून घेतो, पण ब्रेक ऑइलच्या डबीकडे बघणारा विरळाच, आणि बघितलं तरी काय, लेव्हल बरोबर आहे ना, मग झालं!

आता बंद डबीत पाणी जातं कुठून असं म्हणाल. तर हे ऑइल ग्लायकॉलवालं असतं, ते हवेतला दमटपणा ओढून घेतं, रबरी पाईपातून, झाकणापाशी, हळूहळू, गाडी नुसती उभी असली तरी. डॉट ४ ग्रेडचं (ब्रेक ऑइलच्या ग्रेडला डॉट ३, डॉट ४ असे नंबर असतात) नवीन ऑइल निदान २३० डिग्रीपर्यंत उकळायला नको असा नियम आहे, पण त्यातच ३.७ टक्के पाणी मुरलं की तो आकडा १५५ वर येतो, डॉट ३ चा तर २०५ वरून १४०. मग आंबेनळी किंवा कुंभार्ली घाट उतरताना पाय सारखा ब्रेकवर ठेवला की कॅलिपर, म्हणजे चाकापाशी ब्रेक पॅड दाबणारे भाग, तापतात, आत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते ना, ऑइलसारखी ताठ राहत नाही, त्यामुळे पेडल मऊ पडतं नाहीतर थेट खाली जातं. सपाटीवर हीच गाडी एकदम ओके चालते.

तपासायला पेनासारखा टेस्टर मिळतो, टोकं ऑइलात बुडवायची, हिरवा दिवा ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे बदला. पण त्याचा अंदाजच असतो, आणि कालच कुणी वरून टॉपअप केलं असेल तर डबीत हिरवा लागेल, खाली कॅलिपरपाशी मात्र जुनंच ऑइल. ऑइल उकळवून बघणारं मशीन जास्त खात्रीचं. नुसत्या रंगावर जाऊ नका, फिकट दिसणाऱ्या ऑइलातपण पाणी असू शकतं.

माझं मत विचाराल तर दोन वर्षं झाली असतील तर टेस्ट कशाला, सरळ बदला, बहुतेक मॅन्युअलमध्येपण तेवढंच दिलेलं असतं. फक्त बाटली सीलबंद बघून घ्या, गॅरेजच्या फळीवरची अर्धी उघडी नको, तिच्यातपण दमटपणा शिरलेलाच असतो.

आणि घाटात पेडल मऊ लागलंच तर भराभर पंप करा, गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा, गाडी बाजूला घेऊन थंड होऊ द्या. थंड झाल्यावर पेडल परत कडक लागेल, पण म्हणून गॅरेज टाळू नका, पाणी अजून आतच आहे.