तिला कोण सांगणार?

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी मला 'पुराण, विज्ञान आणि अध्यात्म' असा दणदणीत विषय दिला होता. टिपणंही काढली होती. पण यंदा सुट्टीला गेलो तेव्हा भारत पुनवेला, म्हणजे माघी पौर्णिमेला, सौंदत्तीच्या रेणुका-यल्लम्माची यात्रा केली आणि आमच्या नऊ वर्षांच्या कन्येनं टिपणांवर पाणी फिरवलं.

डोंगर तुम्हाला सांगायला नको. भंडारा कुठंकुठं शिरतो तेही. पोरीचे पांढरे बूट पिवळेधमक, भाड्याच्या गाडीची सीट त्याहून. ड्रायव्हर बोलला काही नाही, नुसता आरशातून बघत राहिला. रांगेत माझ्या आईनं नातीला गोष्ट सांगितली. बायकोवर, म्हणजे रेणुकेवर, जमदग्नीचा राग, बापाच्या हुकुमावरून आईवरच परशुरामाची कुऱ्हाड, मग बापानं त्याला दिलेले वर. महाभारताच्या वनपर्वातही परशुराम हेच मागतो: आई उठू दे, आणि आपल्याला मारलं होतं हे तिला आठवू नये.

पोरगी म्हणाली, "म्हणजे इथं सगळ्यांना माहीत आहे, फक्त तिलाच नाही?"

आई म्हणाली, "गप गं, देवीच्या दारात!" मी पडलो इंजिनिअर. 'हे रूपक असतं बाळा' म्हणून सुरू केलं, तोवर पुढून 'उदो'चा गजर उठला आणि पहिला हात माझाच वर! शेजारच्या गोकाकच्या कानडी मावशींनी पोरीच्या कपाळाला भंडारा फासला. गजर मराठी की कानडी, कुणी विचारलं नाही. आपण मात्र मंडळाच्या बॅनरवर बेळगाव लिहायचं की बेळगावी, यावर तीन मीटिंगा घातल्या.

बेळगावात हिंदवाडीतल्या गुरुदेव रानडे मंदिरावरून मी शाळेला सायकल मारली. आत गेलो एकदाच, तेही पाऊस लागला म्हणून. हे रानडे म्हणजे तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, अलाहाबाद विद्यापीठाचा कुलगुरू, आणि निंबाळच्या आश्रमात नामाला बसणारा माणूस! मराठी आणि कानडी संतांच्या अनुभवाचा धागा त्यांनी अभ्यासानं उलगडला. तर्क आणि नाम एका घरात सुखानं नांदले. आमच्या घरात त्या रात्री नांदले नाहीत. आई जेवली नाही.

त्या गजरात मी विरघळलो, खोटं कशाला बोलू? पण तोच गजर चालू असताना पोरी देवदासी म्हणून देवीला सोडल्या गेल्या. कर्नाटकात १९८२चा बंदीचा कायदा त्यासाठीच करावा लागला. हेही तिथं सगळ्यांना माहीतच होतं की!

विमानात कन्येनं विचारलं, "बाबा, पुढच्या वेळी मी तिला सांगू?"

आईला फोनवर हे अजून सांगितलेलं नाही.