हरळीवरचा खेळ

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापूर भागात हरळीचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. कुळव मारा, नांगरट करा, भर उन्हाळ्यात ढेकळं उलथून काशा वेचा. एक कांडी मातीत राहिली तरी पहिल्या पावसाला ती पुन्हा डोकं वर काढते. माझं लहानपण उत्तर सोलापूर तालुक्यात, वडिलांच्या मागे त्या काशा वेचण्यात गेलं. पुढे पोटासाठी पुण्याला गेलो आणि एका गोल्फच्या मैदानावर माळीकामाला लागलो. पहिल्याच आठवड्यात मुकादमांनी माझ्यापुढे एक पोतं ठेवलं आणि म्हणाले, "हे लावायचं. वीत-वीत अंतरावर." पोतं उघडलं तर आत हरळीच्या काशा.

गोल्फवाले तिला बर्म्युडा गवत म्हणतात. मैदानावर लावतात ते बहुतेक बारीक पानाचे संकरित वाण असतात, पण कूळ तेच. गणपतीला वाहतो त्या दूर्वाही याच कुळातल्या. त्या गवतावर मी तीस वर्षं काम केलं, सुट्टीच्या दिवशी चार फटके मारायलाही शिकलो. त्या अनुभवातून आज बोलतो आहे.

सोलापुरात गोल्फचं काय काम, असं कुणी विचारेल. आपली पोरं फौजेत जातात, शिकायला आणि नोकरीला पुण्या-मुंबईला जातात, आणि तिथे हा खेळ त्यांच्या वाट्याला येतो. हा फक्त श्रीमंतांचा खेळ, असं समजून कुणी मागे राहू नये. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर हा कॅडी होता, दुसऱ्यांच्या बॅगा उचलत खेळ शिकलेला. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली, तेव्हा पदक किती थोडक्यात हुकलं ते सगळ्यांनी पाहिलं.

आता मैदानाकडे येऊ. माळ्याचा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. ग्रीन म्हणजे जिथे होल असतं तो गुळगुळीत तुकडा. सकाळी त्यावर दव असतं. लांब बांबू आडवा फिरवून आम्ही ते झाडतो, कारण पान फार वेळ ओलं राहिलं की बुरशी धरते. मग मशीन. त्यात गोल फिरणारी पाती असतात आणि खाली एक पट्टी. दोन्हींच्या मध्ये गवत कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. ग्रीनवर गवताची उंची तीन ते चार मिलिमीटर, म्हणजे रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढीच. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या पट्ट्यावर, साधारण बारा-पंधरा मिलिमीटर, आणि रफमध्ये, म्हणजे त्याच्या कडेच्या वाढलेल्या गवतात, त्याहून कितीतरी जास्त. शेवटी होल बदलायचं. 108 मिलिमीटर व्यासाचा कटर दाबून नवं होल काढायचं, आणि निघालेला मातीचा गड्डा जुन्या होलात इतका चपखल बसवायचा की हाताला सांधा लागू नये. एकाच जागी रोज पावलं पडली तर गवत मरतं, म्हणून ही सगळी खटपट.

हे खेळाडूला कशाला माहीत हवं? हिशेब करून बघा. 18 होलांचं मैदान 72 पारचं असेल, म्हणजे चांगल्या खेळाडूला एकूण 72 फटके लागावेत असं धरलेलं असेल, तर प्रत्येक होलाला दोन पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलाकडे घरंगळवायचे हलके फटके, धरलेले असतात. म्हणजे 36 फटके, बरोबर निम्मे, ग्रीनवरचे. पोरं मात्र सरावाला गेली की तासभर ड्रायव्हरच, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, हाणतात. मला हे बघून वाईट वाटायचं. अर्धा खेळ तीन मिलिमीटर गवतावर होतो आणि त्या गवताकडे कुणी वाकून बघत नाही.

हरळीला कल असतो. ती एका अंगाला झुकून वाढते. चेंडूमागे उभं राहून होलाकडे बघा. गवत चकाकत असेल तर ते तुमच्यापासून पलीकडे झुकलंय, चेंडू जोरात पळणार. काळपट दिसत असेल तर ते तुमच्याकडे तोंड करून आहे, तिथे हात थोडा सढळ ठेवा. तरी शंका असेल तर होलाच्या काठाशी जाऊन बघा. एक कड सुरीने कापल्यासारखी दिसेल, समोरची जरा वाळलेली, विस्कटलेली. कल त्या विस्कटलेल्या कडेकडे.

याचा सराव घरीही होतो, आणि आपल्या गावात त्याचं सामान घरोघरी आहे. प्लॅस्टिकच्या पाइपचा हातभर तुकडा उभा चिरून पन्हळ करा. एक टोक पुस्तकांवर टेकवा, वरून चेंडू सोडा. आधी सतरंजीवर, मग त्याच उंचीवरून सोलापुरी टर्किश टॉवेलवर. सतरंजीवर तो भिंतीपर्यंत जाईल, टॉवेलच्या लवीत मध्येच बसेल. ग्रीनचा वेग मोजायला अशीच एक पन्हळ वापरतात, स्टिंपमीटर म्हणतात तिला. एडवर्ड स्टिंप्सन नावाच्या अमेरिकन खेळाडूने ती 1935 साली काढली. आठवडाभर दोन्हीवर पट मारा. किती ओढ घेतली की चेंडू किती जातो, हे हाताला कळायला लागतं, आणि तोंडी शिकवून ते येत नाही.

लोखंडी क्लबने, म्हणजे काठीने, मारलेल्या फटक्याची परीक्षा जमिनीवरच होते. फेअरवेवर निघालेली ढलपी, तिला डिव्हट म्हणतात, ती कुठे सुरू झाली ते बघा. चेंडू होता त्या जागेच्या पुढे सुरू झाली असेल तर फटका बरोबर: आधी चेंडू, मग माती. मागे सुरू झाली असेल तर तुमचं वजन मागच्या पायावरच राहिलं. बंकरमध्ये, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यात, मात्र उलटं. तिथे चेंडूच्या दोन इंच मागे वाळूवरच मारायचं, वाळू उडते आणि तिच्याबरोबर चेंडू येतो. ढलपीची जागा वाळूने भरून पायाने दाबा, हरळी कडेने पसरून ती बुजवते. ग्रीनवर चेंडू आदळून खड्डा पडला तर काटा कडेला रोवून चारी बाजूंची माती मध्याकडे ढकला. खालून उचकटू नका. उचकटलं की मुळं तुटतात आणि तो ठिपका कितीतरी दिवस तपकिरी राहतो.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका जुलैत आठवडाभर झड लागली, मशीन बाहेर काढता येईना. उघडीप मिळाली तेव्हा गवत बोटभर झालेलं, आणि मी ते एकदम नेहमीच्या चार मिलिमीटरवर उतरवलं. दुसऱ्या दिवशी सगळं ग्रीन करपल्यासारखं पिवळं. सावरायला तीन आठवडे लागले. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही, हे तेव्हापासून अंगात भिनलं. म्हणून पावसानंतर ग्रीन मंद लागलं तर माळ्यावर रागावू नका, पट थोडा जोराने मारा.

ग्रीनला भोकं पाडून वर वाळू टाकली की खेळणारे फार चिडतात. पण पायांखाली माती दडपते, मुळांना हवा मिळत नाही. आपल्या काळ्या रानाचं उदाहरण घ्या. ओली झाली की चिखल, वाळली की भेगा. ज्वारीला ती आईसारखी आहे, ग्रीनला चालत नाही. चांगल्या ग्रीनखाली खडीचा थर, त्यावर सुमारे फूटभर मुख्यत: वाळू असते, आणि तीही सतत मोकळी ठेवावी लागते.

राहता राहिलं पाणी. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शहराची भिस्त उजनीवर. गवतासाठी पिण्याचं पाणी ओतणं मला कधीच पटलं नाही. सांडपाणी शुद्ध करून वापरता येतं, आणि मैदान हिरवंगार असलंच पाहिजे असंही नाही. 2006 साली इंग्लंडमध्ये होयलेकला ओपन स्पर्धा झाली तेव्हा मैदान उन्हाने तपकिरी पडलेलं होतं. चेंडू टणक जमिनीवर लांब पळतो हे ओळखून टायगर वूड्सने चार दिवसांत ड्रायव्हर एकदाच बाहेर काढला आणि तो जिंकला. पाण्याची फार टंचाई असेल तिथे ग्रीनच्या जागी ब्राऊन करतात: तेल दिलेली, रूळ फिरवून सपाट केलेली वाळू. त्यावरही पट छान बसतो.

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा घरामागे दहा बाय दहा फुटांची जागा केली. नदीची वाळू टाकली, बांधावरच्याच काशा लावल्या. ज्वारीत जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी दीड वीत खोल पत्रा पुरला. कात्रीने कापतो, आंघोळीचं पाणी घालतो. जुने दोन क्लब आहेत, पुतण्याची पोरं संध्याकाळी तिथे चिप, म्हणजे जवळचे छोटे फटके, मारतात. थोरल्या भावाने आयुष्यभर हरळी उपटली. मी ती दारात लावली, हे बघून तो कित्येक दिवस त्या बाजूला फिरकला नाही. गेल्या महिन्यात मी चार दिवस पुण्याला होतो. परत आलो तर गवत टवटवीत. पोरांना विचारलं, पाणी कुणी घातलं? म्हणाली, आजोबा रोज सकाळी बादली ओतत होते.