मिलिमीटरभराची कडी

लॅपटॉपवर पाणी सांडलं, त्याला तीन दिवस झाले. मशीन सुरू होतं. स्क्रीन स्वच्छ आहे, फाइल्स जागच्या जागी आहेत. फक्त 'एस' दाबलं की काही उमटत नाही, आणि एंटरला हात न लावता ओळी भराभर खाली सरकतात. बिघाड बहुतेक वेळा एकाच भागात असतो: कीबोर्डमध्ये.

हे एक बटण अलगद उचलून बघू. खाली कात्रीसारखी प्लॅस्टिकची घडी, मध्ये रबराची इवलीशी टोपी, आणि तिच्याखाली प्लॅस्टिकचे तीन पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीज वाहून नेणाऱ्या शाईच्या रेघा आहेत, मधल्याला भोकं आहेत. बटण दाबलं की त्या भोकातून दोन रेघा एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटतं. पाणी या पापुद्र्यांत शिरलं की रेघा खराब होतात. वरून कितीही पुसा, आत पोचता येत नाही. म्हणून कीबोर्ड अख्खा बदलायचा.

नवा मागवताना घाई नको. लॅपटॉपचं नाव सारखं असलं तरी आतला कीबोर्ड वेगळा निघू शकतो. बॅकलाइट, म्हणजे बटणांखालचा उजेड, आहे का? एंटर आडवा आहे की दोन ओळींचा उभा? सगळ्यात भरवशाचा म्हणजे जुन्या कीबोर्डच्या पाठीवरच्या लेबलवरचा पार्ट नंबर. तो जुळला, तरच पैसे द्या.

आता मशीन उघडायचं कसं? २००३ साली कॅलिफोर्नियात काइल वीन्स आणि ल्यूक सोल्स हे दोन विद्यार्थी याच प्रश्नाला अडले होते. ॲपलचा आयबुक लॅपटॉप दुरुस्त करायचा होता आणि त्याचं मॅन्युअल मिळेना. त्यातून आयफिक्सइट हे संकेतस्थळ उभं राहिलं. आज तिथे हजारो उपकरणं फोटोंसकट, पायरी-पायरीनं उघडून दाखवलेली आहेत. लेनोवोसारख्या काही कंपन्या आपल्या लॅपटॉपची सर्व्हिस मॅन्युअल स्वतःच खुली ठेवतात. मॉडेल नंबर घालून शोधा, आणि स्क्रूला हात लावण्याआधी सगळं शेवटपर्यंत बघून घ्या. कारण काही मॉडेलमध्ये कीबोर्ड वरून चार स्क्रूंत निघतो, तर काहींत मदरबोर्ड, म्हणजे मशीनचा मुख्य बोर्डही काढावा लागतो. काहींत तो प्लॅस्टिक वितळवून वरच्या कव्हरलाच चिकटवलेला असतो. हे मला पटत नाही. झिजणारा भाग बदलता येईल असाच बसवायला हवा.

चार्जर काढा. मशीन पूर्ण बंद करा. कव्हर उघडलं की आधी बॅटरीची पिन सोडवा. निघालेला प्रत्येक स्क्रू कागदावर, त्याच्या जागेचं चित्र काढून तिथेच ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला, तर त्याचं टोक थेट बोर्डात घुसतं.

आणि आता कॅमेरा जवळ नेऊ. ही कीबोर्डला मदरबोर्डशी जोडणारी पट्टी, कागदाइतकी पातळ, आणि हे तिचं कनेक्टर. त्याला झिफ म्हणतात, म्हणजे ज्यात पट्टी घालायला जोर लागत नाही. कारण पट्टी धरून ठेवते ती ही कडी. काही कनेक्टरवर ती नखानं वर उलटते, काहींवर दोन्ही टोकांनी जेमतेम मिलिमीटरभर पुढे सरकते. आपली कुठली, ते आधी ओळखा. बंद कडीतून पट्टी ओढली की कडी तुटते, आणि मग कीबोर्डऐवजी मदरबोर्डच्या दुरुस्तीला बसावं लागतं. इथे श्वास रोखून, सावकाश.

कडी उघडली. जुनी पट्टी आपसूक सुटली. नवी सरळ आत, तिच्यावरची आडवी रेघ कनेक्टरच्या कडेला समांतर. तिरकी गेली तर काही बटणं मुकी राहतात. कडी बंद. बॅकलाइट असेल, तर त्याची अरुंद पट्टी तशीच.

स्क्रू अजून कागदावरच राहू द्या. बॅटरी जोडा, मशीन सुरू करा, कोरी फाइल उघडा आणि वरच्या ओळीपासून एकेक बटण दाबत या. क्यू, डब्ल्यू, ई... खालची ओळ. ए.

एस. उमटला.