सागाची छाती

[सकाळ. सागाचं रान. खोडाभोवती फिरणारी टेप.]

"एकशे चार पॉइंट सहा."

"मागच्या साली?"

"एकशे तीन पॉइंट नऊ."

"मंग वाढला कुठं जी हा?" वनखात्याचा वाचर, म्हणजे राखणदार, हसतो. मोजणीवर आलेल्या बाई मात्र खोडाच्या गोलाईतली ही सात मिलिमीटर वाढ मन लावून वहीत उतरवतात.

गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलातला हा मोजणीचा तुकडा. प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर, आणि जमिनीपासून १.३७ मीटरवर पांढरी रेघ. वनखात्याच्या लेखी ही झाडाची छाती. झाड उतारावर असेल तर उंची चढाच्या बाजूने धरायची. टेप दोन बोटं इकडेतिकडे सरकली, की वर्षभराची वाढ गिळून टाकते. म्हणून ही रेघ दरवर्षी नव्याने रंगवतात. कंटाळवाणं काम आहे, पण वनशास्त्राचा सगळा डोलारा यावरच उभा आहे.

[विरळणीचा कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला तुकडा. ताजा बुंधा.]

बाई बुंध्यावर पाणी ओततात, ओल्या फडक्याने भुसा पुसतात. आता वाढीची कडी दिसू लागतात, वर्षाला एक. साग उन्हाळ्यात पानं गाळतो. नवी पालवी फुटताना जे लाकूड धरतं, त्यात मोठाली छिद्रं असतात. त्यांची ओळ नुसत्या डोळ्यांनी दिसते. आंब्याच्या ओंडक्यात असं मोजायला जाल तर डोकं धराल!

गाभ्याजवळची कडी बोटभर रुंद. पुढे ती दाटत जातात, शेवटी केसाएवढी बारीक. आणि मग अचानक पुन्हा रुंद. बाई तिथे नख ठेवतात. "इथे शेजारचं झाड निघालं."

सागाला डोक्यावर ऊन लागतं. शेंडे एकमेकांत घुसले की झाड जगतं, पण जाड होत नाही. म्हणून विरळणी: काही झाडं काढून बाकीच्यांना जागा द्यायची. गावात तक्रार असते ती याचीच: उभं झाड कापता कशाला? तक्रार अगदीच चुकीची नाही. सरळ, जाड तेवढी झाडं नेली आणि वाकडी-पोकळ मागे ठेवली, तर पुढचं बीही त्या वाकड्यांचंच पडणार. विरळणीत आधी दबलेली, रोगट, दुबेळकी झाडं काढायची असतात.

किती काढायची, हा प्रश्न जुना आहे. डिट्रिच ब्रँडिस १८५६ साली ब्रह्मदेशात सागाच्या कामावर आले आणि त्यांनी झाडांची गोलाईवार गणती लावली. हिशेब असा: दरवर्षी जेवढी मध्यम झाडं मोठ्यांच्या गटात चढतील, तेवढीच मोठी तोडायची. १८६४ साली ते हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. आजच्या कार्य आयोजनेतही, म्हणजे जंगलाच्या कामाच्या आराखड्यातही, तोच विचार आहे.

[बल्लारशा. लाकडाचं आगार.]

इथे छाती संपते, घनमीटर सुरू होतो. गोलाईचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. १२० सेंटिमीटर गोलाईचा, ३ मीटर लांबीचा लठ्ठा या रीतीने ०.२७ घनमीटर भरतो. प्रत्यक्षात त्यात ०.३४ लाकूड असतं. साल आणि कडेच्या फाका वाया जातात, म्हणून व्यापाराने ही सूट धरली. लिलावात ती चालते. पण वाढीच्या हिशेबात कुणी दोन्ही आकडे मिसळले, तर कागदावर पाचवा हिस्सा जंगल नाहीसं होतं.

[भामरागडच्या वाटेवर. वनवैभव.]

हा सहा हेक्टरचा तुकडा १९५३ पासून नैसर्गिक जंगल म्हणून राखलेला आहे. २०१४ साली तो जैवविविधता वारसा स्थळ झाला. इथल्या सागाला टेप घालायची तर पलीकडून दुसऱ्याने टोक द्यावं लागतं.

[पुन्हा मोजणीचा तुकडा. जळका पाचोळा.]

आता रोपांची गणती. उन्हाळ्यात खालून आग फिरली की सागाचं रोप वरून जळतं, मूळ मात्र तग धरतं. पावसाबरोबर पुन्हा फुटतं. असं कितीतरी वर्षं चालू शकतं. म्हणून बुंध्यावरच्या कड्यांपेक्षा मुळाचं वय जास्त निघू शकतं.

वाचर एका काळ्या काडीपाशी बसतो. बुडाशी नखाएवढी पालवी आहे. तो एक पान तळहातावर चुरडतो. तळवा लाल होतो. साग आहे.

"अठरा झाले. हा जळका धरायचा का जी?"

"मूळ जिवंत आहे ना? धरा."

"एकोणीस."